शुक्पा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शुक्पा म्हणजे लडाखमधला जुनिपर, एक सूचिपर्णी वृक्ष. तो धोक्यात आहे असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. कुठल्या प्रजातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत हे झाड धोक्यात नाही, तरी मी उगाच घाबरवतोय. गावातले लोकच रोज त्याची पानं जाळतात, मग त्याच्या धुपाची पाकिटं नेणाऱ्या पर्यटकांना दोष का? आणि पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात त्याची फळं किलोवर मिळतात, तर टंचाई कसली?

शेवटचं आधी. दुकानातली ती फळं हपुषेची. तीही जुनिपरच, पण जात वेगळी आणि बहुधा झुडूपच. शुक्पा म्हणजे चांगलं जाड खोड असलेला वृक्ष. तेव्हा एकीच्या फळांवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येणार नाही.

लाल यादीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते लेखात यायला हवं होतं. शुक्पा आणि त्याची जवळची भावंडं इराणपासून मध्य आशियापर्यंत पसरली आहेत. बलुचिस्तानात झियारतला तर सुमारे 1 लाख हेक्टर जंगल आहे. एवढं सगळं एकत्र धरलं की झाड सुखरूप दिसणारच. पण मी एका गावच्या बनाबद्दल लिहीत होतो. लेहच्या भागात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत जुलैच्या एका दिवसात तेवढा होतो. अशा ठिकाणी झाड किती हळू वाढत असेल बघा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिमाचलातल्या लाहौलच्या जुनिपरांच्या खोडातल्या वार्षिक वलयांवरून 1584 वर्षांची मालिका लावली आहे. म्हणजे तिथली सर्वांत जुनी वलयं अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी खोदायच्या आधीची! असं झाड तुटलं तर आपल्या नातवंडांच्या हयातीतही त्याची जागा भरत नाही.

हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावातच शुक्पा आहे. तिथे झाडाखाली पडलेलं एक निळंकाळं फळ मी नखाने फोडलं. चिकट गर, बोटांना दिवसभर राहिलेला राळेचा वास, आणि खड्यासारख्या टणक बिया. त्यातल्या तीन दगडाने ठेचल्या. दोन पोकळ निघाल्या. जुनिपरमध्ये पोकळ बिया फार असतात, भरलेली बीही लवकर रुजत नाही, आणि रुजलीच तर शेळ्या-मेंढ्या आहेतच. अर्धा तास वाकून शोधलं, वीतभर उंचीचं एक रोप दिसलं नाही. मोठी झाडं डौलात उभी आहेत, पण त्यांच्या मागे कोणी नाही. धोका म्हणालो तो हा.

आता गावकऱ्यांबद्दल. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आमा-ले, म्हणजे घरच्या आई, सकाळी चुलीतले निखारे एका पळीत घेत, त्यावर चिमूटभर, खरंच चिमूटभर, सुकी पानं टाकत, आणि तो धूर घरभर, मग गोठ्यात फिरवत. लोसारला, म्हणजे नव्या वर्षाला, ल्हाथोवरची जुनी जुडी काढून ताज्या डहाळ्या लावतात. ल्हाथो म्हणजे ग्रामदेवतेचं ठाणं. तिथल्या पारंपरिक वैद्यांना ‘आमची’ म्हणतात, त्यांच्या औषधांतही शुक्पा आहे. पण बन देवाचं, तिथल्या उभ्या झाडावर कुऱ्हाड चालत नाही. आपल्याकडे देवराईतली काटकी घरी न्यायला माणूस कचरतो, तसंच. या लोकांमुळे झाड संपतंय असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी ते देवाचं मानलं म्हणून तर ते आज उभं आहे.

पाकिटांचं गणित वेगळं आहे. लेहच्या बाजारात शुक्पाची भुकटी धूप म्हणून विकायला असते. एका दुकानात विचारलं, माल कुठून येतो? दुकानदाराला सांगता आलं नाही. घरची चिमूट कुठल्या झाडाची हे आमा-लेंना माहीत असतं, पोत्याचं कोणालाच नाही. मात्र ‘पर्यटकांनी बनं संपवली’ हे माझं वाक्य चुकलं. तुळयांसाठी आणि सरपणासाठी तोड झाली ती पर्यटक यायच्या कितीतरी आधी. ते वाक्य आज काढलं आहे. पाकीट घेऊ नका, ही विनंती तशीच ठेवली आहे.

येत्या जुलैत तुम्ही शाम ट्रेकला जाताय असं लिहिलंय. लिकीरहून यांगथांग, आणि दुसऱ्या दिवशी शुक्पाचन. बनात थोडा वेळ काढून खाली वाकून बघा. एखादं रोप दिसलं तर इथे फोटो टाका, लेखात सगळ्यांत वर तोच लावेन.