नीट रिपीट करायच्या आधी बारावीची मार्कशीट काढा

बहिणीच्या मुलाची गोष्ट सांगते, कारण परवा ओळखीतल्या अजून एका घरी सेम तेच दिसलं आणि मला रात्रभर झोप नाही आली.

भाचा २०२३ ला बारावी झाला. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोर कमी आला, घरी ठरलं की एक वर्ष ड्रॉप घ्यायचा. लातूरला रूम, मेस, रिपीटर बॅचची फी, सगळं भरून झालं आणि पोरगं खरंच जीव तोडून अभ्यास करत होतं. दिवाळीला घरी आला तेव्हा मी सहज त्याची बारावीची मार्कशीट बघितली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही मिळून ३०० पैकी १४७. म्हणजे ४९ टक्के. ओपन कॅटेगरीला एमबीबीएससाठी पीसीबीत ५० टक्के लागतात, म्हणजे १५०. (एससी, एसटी, ओबीसीला ४० टक्के, म्हणजे १२०.) नीटला ७०० पडले असते तरी ३ मार्कांसाठी ॲडमिशन अडली असती!! आणि हे आम्हाला नोव्हेंबरमध्ये कळतंय.

ताईला वाटलं होतं बारावी पास झाला ना, मग आता फक्त नीट. हा गैरसमज घराघरात आहे. बरोबर आहे, मेरिट नीटवरच लागतं, बारावीचे मार्क त्यात धरत नाहीत, पण दारातून आत जायला ते ५० टक्के लागतातच. क्लासवाल्यांनी ॲडमिशनच्या दिवशी फोटो घेतले, चेक घेतला, आधीचा नीट स्कोर विचारला, मार्कशीटवरच्या तीन आकड्यांची बेरीज कोणी केली नाही. मला याचाच राग आहे. दोन मिनिटांचं काम होतं हो.

मग धावपळ. बोर्डाची श्रेणीसुधार योजना असते, म्हणजे पास झालेल्यांना मार्क वाढवायला परत बारावीची परीक्षा देता येते, पण त्यात नुसते पीसीबीचे पेपर देता येत नाहीत, सगळेच विषय परत द्यावे लागतात, इंग्रजी मराठीसकट, आणि त्याच्या संधीही ठराविकच असतात. लेट फी भरून फॉर्म भरला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, ५ मेला नीट. वर्षभर नुसते ऑप्शन निवडायची सवय झालेल्या मुलाला परत तीन तास बसून डेरिव्हेशन लिहायची, डायग्राम काढायच्या, हात दुखायचा त्याचा. डिसेंबर ते मार्च नीटचा सराव जवळजवळ निम्म्यावर आला.

बोर्डाला पीसीबी १९४ आले. नीटला ६११. आदल्या वर्षी एवढ्या मार्कांवर आम्ही पेढे वाटले असते, पण २०२४ चं तुम्हाला आठवतच असेल, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०, पेपरफुटी, १५६३ मुलांच्या ग्रेस मार्कांचा घोळ, सुप्रीम कोर्ट, आणि सगळीकडे तेवढ्याच मार्कांना रँक कुठल्या कुठे खाली. गव्हर्नमेंट एमबीबीएस नाही मिळालं. प्रायव्हेटची फी आमच्या आवाक्यातली नाही. ते चार महिने पूर्ण नीटला मिळाले असते तर काय झालं असतं, ताई अजून विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

रिपीट करण्याच्या मी विरोधात अजिबात नाही. एका दुपारच्या १८० प्रश्नांवर कोणाची लायकी ठरत नाही, परत बसावंसं वाटत असेल तर पोरांनी मान वर करून बसावं, आणि लग्नकार्यात गाठून "कितवा अटेम्प्ट?" विचारणाऱ्या काकालोकांनी कृपा करून गप्प बसावं. पण जेईई ॲडव्हान्सला (आयआयटीची प्रवेश परीक्षा) दोनच चान्स असतात, तिथे नियमच थांबवतो. नीटला अटेम्प्टची मर्यादा नाही, २०२२ पासून वयाची वरची अटही काढली. म्हणजे कुठे थांबायचं हे घरालाच ठरवावं लागतं, आणि ते फी भरायच्या आधी, मुलाला समोर बसवून, त्याला बोलू देऊन. माझं स्वतःचं मत, एक ड्रॉप जरूर, दुसरा टेस्टचे मार्क खरंच चढत असतील तरच. तिसऱ्याला मी तरी हो म्हणणार नाही, पोरं आतून संपतात, मी बघितलंय.

ज्यांच्या घरी यंदा रिपीटचं चाललंय त्यांनी आज रात्रीच मार्कशीट काढा आणि त्या तीन आकड्यांची बेरीज करा. कमी पडत असतील तर लगेच कॉलेजला जाऊन श्रेणीसुधारच्या फॉर्मची तारीख विचारा, दिवाळीची वाट बघू नका.

भाचा आता गव्हर्नमेंट कॉलेजला बीएएमएस (आयुर्वेदाची डिग्री) करतोय, मन लावून करतोय. त्या ॲडमिशनलासुद्धा पीसीबीचे ५० टक्के लागतातच, तिथे ती १९४ वाली मार्कशीटच जोडली.