गोदाम टाकताय? हे घ्या फुकटचे सल्ले

मालक, हायवेला लागून वावर होतं, तिथं गोदाम ठोकलंत, भाड्यानं फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन लोखंडी दात्यांवर, म्हणजे फोर्कवर, माल उचलणारी गाडी) आणली. अभिनंदन! चालवायला शिकलेला माणूस शोधत बसू नका. गावात ट्रॅक्टर चालवणारी पोरं काय कमी आहेत? ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो अन् फोर्कलिफ्ट मागच्या, त्यामुळे वळताना तिचं बूड बाहेर फेकलं जातं, हे पोराला हळूहळू कळेल. भिंतीकडे उभ्या हमालाला जरा आधी कळेल.

सीटबेल्ट सीटखाली खोचून ठेवा. गाडी कलंडली की पोरगं उडी मारेल आणि नेमकं तिच्याखालीच सापडेल, पण बेल्टनं शर्ट चुरगळतो ना.

कापसाच्या एकशे सत्तर किलोच्या गाठी समोरचं दिसेनासं होईस्तोवर रचा. अशा वेळी गाडी उलटी चालवावी म्हणतात, त्यानं मान दुखते.

डॉकला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला, लागलेल्या ट्रकच्या चाकाला दगड लावू नका, दगड महाग झालेत.

थप्पीवरचं पोतं काढायचंय? फोर्कवर माणूस चढवा आणि उचला. शिडी वाचली.

आता मुख्य सल्ला. माणूस दबला की दवाखान्यात 'मोटारसायकलवरून पडला' असं लिहून घ्या. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या हमालाच्या पायावरून चाक गेलं, मी सोबत होतो. मुकादम डॉक्टरांना मोटारसायकलचा रंगसुद्धा सांगत होता. अरे, त्या माणसाकडे सायकलही नाही! मी बोललो तर म्हणे, "भाऊ, कायले लफडं वाढवता? तो आमचा नाहीच, ठेकेदाराचा आहे." ठेकेदाराचा! 1923 पासून त्याचा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून तेच सामाजिक सुरक्षा संहितेत आहे: कामावर जखमी झालेल्या ठेकेदाराच्या मजुराला मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. महिन्याभरात दिली नाही तर वर व्याज, आणि उशिराला धड कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तर गोदामातला अपघात उचलून रस्त्यावर नेऊन ठेवता!

लाज कशी वाटत नाही हो? तो माणूस आता पोतं कधी उचलेल, देव जाणे. त्याची बायको निंदणाला जाते, तेवढ्या मजुरीवर घर चालणार, आणि तुम्ही पाच हजारांचं पाकीट पुढं करून कोऱ्या कागदावर अंगठा मागता? ते पाकीट खिशात घाला. मुकादमाला पाठवू नका, स्वतः दवाखान्यात चला आणि केसपेपरवर कुठं दबला ते खरं लिहवून घ्या.