मळ जपून ठेवायचा असतो

मी बंदूक घेतली हे कळल्यावर पुण्यातल्या नातेवाइकांनी आमच्या ओहायोत रोज गोळीबार होतो असं धरून चालायला सुरुवात केली. प्रत्यक्षात माझ्या बंदुकीने आल्यापासून एकच काम केलं आहे, तेल पिण्याचं. ती आहे बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ली-एनफिल्ड रायफल. मुठीजवळच्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. (म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज) आणि १९४२ साल. म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री हो! चौकीबाहेरच्या हवालदाराच्या खांद्यावर जिला बघत आपण मोठे झालो, तीच. भारतात हा बोअर, म्हणजे नळीचं हे माप, प्रतिबंधित, त्यामुळे कुणा सामान्य माणसाला ती घरात ठेवायची हौस असेल तर दोघांनाही देश सोडावा लागतो.

लोखंडाचं मला काही वाटत नाही. गंज काढला की निघतो. छळ आहे तो लाकडाचा. लष्कराने वापरून, ग्रीस फासून, वर्षानुवर्षं पेटीत कोंबलेला तो अक्रोडाचा दस्ता मूळचा कुठल्या रंगाचा असेल याचा अंदाज लागत नव्हता. तेव्हा गावातल्या जुन्या बंदुकांच्या दर्दी म्हाताऱ्यांना मी विचारलं, पॉलिश पेपर कितीचा घेऊ? मी जिवंत माणसाची कातडी सोलायला निघालोय असे त्यांचे चेहरे झाले. पॉलिश पेपर मारला की लाकडावरचे शिक्के जातात, तपासनिसांच्या खुणा जातात, कुण्या शस्त्रागारातला रंगवलेला रॅक नंबर जातो, आणि त्यांच्यामागोमाग किंमतही जाते. ग्रीस काढायचं, पण काळपटपणा राहू द्यायचा. पोचे काढायचे, पण सगळे नाही. थोडक्यात, मळ साफ करायचा, पण मळ गेलेला दिसता कामा नये.

हे सासूबाईंना समजावून सांगणं हा वेगळाच उद्योग. त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि घरातलं तांबं-पितळ घासून संपलं होतं.

"पाठीमागे ही पितळी पट्टी आहे ना, तिला पितांबरी लावू का?"

"नको, नको! ती काळीच हवी."

"काळी हवी, तर मग रोज पुसता काय तुम्ही?"

याला उत्तर नाही.

या बंदुकीचे मागचं आणि पुढचं असे लाकडाचे वेगळे भाग असतात. मागचा दस्ता एका लांबलचक बोल्टने धरलेला असतो, आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. म्हणून पुढचं लाकूड आधी उतरवायचं. उलट्या क्रमाने गेलात तर बोल्ट फिरतो आणि पुढचं लाकूड टर्रकन फाटतं. माझ्या हातात पडली त्या बंदुकीवर आधीच्या कुण्या उत्साही मालकाने हा प्रयोग करून ठेवला होता.

ग्रीस काढायला लाकूड काळ्या पिशवीत घालून जुलैच्या उन्हात गाडीत ठेवायचं. ते घाम गाळतं, आपण पुसायचं. पुढचे पंधरा दिवस आमच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण आधी नाक वर करायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. पोच्यांवर उपाय इस्त्रीचा. ओलं सुती फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफ आत शिरते आणि दबलेले तंतू फुगून वर येतात. फुस्स आवाज होतो, पोचा डोळ्यांदेखत उथळ होतो. अर्थात दबलेलं लाकूडच वर येतं, कापलेलं येत नाही. इस्त्री घरातली एकुलती एक होती, हे बायकोला तिच्या पांढऱ्या कुर्त्यावरच्या तपकिरी त्रिकोणावरून कळलं.

चिरेचं दुखणं निराळं. तेल मुरलेल्या लाकडाला गोंद धरत नाही. आधी ॲसिटोनने चीर धुवायची, मग इपॉक्सी भरायचं, मग दोरीने आवळून ठेवायचं. ईशापूरचे कारागीर असल्या नाजूकपणात पडत नसत. ते पुढच्या लाकडात सरळ आडवा स्क्रू ठोकून देत. शिवाय ग्रेनेड फेकायच्या बंदुकांना तार गुंडाळत. दिसायला भयंकर, पण आज त्याच स्क्रूवर ईशापूर ओळखतात आणि दर्दी लोक तो प्रेमाने चाचपून बघतात.

शेवटी जवसाचं तेल. तळहाताने चोळायचं, अगदी पातळ. पथ्य वैद्यबुवांनी लिहून द्यावं तसं : आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि नंतर मरेपर्यंत वर्षातून एकदा. कोणाच्या मरेपर्यंत, हे दिलेलं नाही. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकायचा नाही, सुकताना तेल तापतं आणि बोळा आपसूक पेटू शकतो. म्हणून त्या अंगणात पसरून वाळवायच्या. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्यात कसला तरी सण आहे. सासूबाईंनी "हो" म्हणून टाकलं.

सगळं जोडून झाल्यावर त्या म्हाताऱ्यांतल्या सर्वांत खडूस गृहस्थांना मी घरी बोलावलं. त्यांनी दस्ता उजेडात धरला, वास घेतला, रॅक नंबरावरून अंगठा फिरवला आणि समाधानाने म्हणाले, "छान! याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

माझा ऊर भरून आला. यापेक्षा मोठी शाबासकी या धंद्यात नाही.

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "मग तू एवढे दिवस गॅरेजमध्ये करत काय होतास?"