पी०७०० दिसला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "ऑटोमॅटिक गाडीत पी०७०० कोड आला की गिअरबॉक्स गेला समजा. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून पाहा, कोड परत आला तर गिअरबॉक्सच बदला. ऑइलला हात लावू नका, ते जन्मभराचं असतं." राजेहो, जरा थांबा. मी नागपुरात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. या मेसेजपायी लोकांचे पैसे जाताना पाहवत नाही, म्हणून लिहितोय.

पी०७०० हा गाडीला स्कॅनर, म्हणजे कोड वाचणारं यंत्र, लावल्यावर दिसणारा कोड; पण त्यात नेमक्या बिघाडाचं नावच नसतं. गिअरबॉक्सचा कंट्रोलर म्हणजे टीसीएम. त्याला काही चुकतंय असं वाटलं की तो इंजिनच्या कंट्रोलरला, म्हणजे ईसीएमला, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लावायला सांगतो, आणि ईसीएम स्वतःकडे पी०७०० नोंदवतो. खरा कोड टीसीएमकडेच राहतो: पी०७१५ असेल तर इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट, पी०७२० असेल तर आउटपुटचं, पी०७३० असेल तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाहीये. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बरेचदा इंजिनपाशीच थांबतात. टीसीएम वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला कुणालाही होकार देऊ नका.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा पाण्यात उभी राहिलेली एक गाडी काही महिन्यांनी माझ्याकडे आली. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून चालायची. एका गॅरेजात गाडीच्या मालक काकांना गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. टीसीएममध्ये पी०७२० निघाला. सेन्सरचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, उघडला, तर एका पिनवर हिरवा थर; नखानं खरवडला तर भुकटी पडली. कपलर बदलला, कोड पुसला, कोराडीपर्यंत जाऊन आलो. दिवा लागला नाही. गिअरबॉक्सला पानाही लावला नव्हता.

बॅटरीची वायर काढल्यानं कोड जाऊही शकतो, पण त्याबरोबर पुरावाही जातो. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान ईसीएमनं टिपून ठेवलेलं असतं, ते पुसलं जातं. काही गाड्यांत टीसीएमनं शिकलेलं गिअर बदलण्याचं गणितही पुसतं आणि गाडी काही दिवस झटके देते. त्यापेक्षा आधी कोडचा फोटो काढा आणि बॅटरीला मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. व्होल्टेज पडलं तरी टीसीएम नसते कोड टाकतो.

गिअरबॉक्सचं ऑइलही जन्मभराचं नसतं. उष्णतेनं ते खराब होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना सीताबर्डीच्या गर्दीत गाडी रांगत असते. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच भरा.

पी०७३० सोबत ऑइल काळं झालेलं, जळका वास आणि गिअरबॉक्सखालच्या ऑइल पॅनमध्ये चकाकणारा धातूचा चुरा दिसला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवा असं मीच सांगतो.