‘मोठी झाली तरी बारा पौंडच भरेल’: शेंगीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतात. नऊ वर्षांच्या लेकीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे, म्हणून त्यांनी ‘टीकप’ डुकराचं, म्हणजे कायम इवलंसंच राहील असं सांगून विकतात तसलं, पिल्लू घ्यायचं ठरवलं आणि आगाऊ पैसेही भरले. आमच्या पाळलेल्या डुकरिणीवरचा, शेंगीवरचा, ‘डुक्कर पाळायचं असेल तर विकत तरी घेऊ नका’ हा माझा लेख वाचून त्यांना राग आला. ब्रीडरनं आईबाप समोर दाखवले, ते जेमतेम मांजराएवढे आहेत, पिल्लू मोठं होऊनही बारा पौंडच भरेल, असं त्या म्हणतात. वर, स्वतः डुक्कर पाळायचं आणि दुसऱ्याला नको म्हणायचं हा दुटप्पीपणा आहे, असंही.

आधी त्या आईबापांचं बोलू. त्यांचं वय विचारलंत का? ‘टीकप’ म्हणून विकतात ती बहुधा पॉटबेली, म्हणजे लोंबत्या पोटाची छोटी व्हिएतनामी डुकरंच असतात. त्यांची मादी चार-पाच महिन्यांत माजावर येते. गाभणकाळ साधारण 114 दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. हिशेब करून बघा, आठ-नऊ महिन्यांची पोर पिल्लांची आई होऊ शकते. डुकराची वाढ मात्र तीन वर्षं तरी चालूच राहते. तुम्हाला जी ‘आई’ दाखवली ती स्वतःच अजून वाढायची असेल, तर तिच्याकडे बघून पिल्लाचं वजन कसं ठरवणार?

2015 साली चीनमधल्या शेन्झेनच्या बीजीआय या जनुक-संशोधन संस्थेनं बामा या छोट्या चिनी जातीच्या डुकरांचं वाढीचं जनुक बदलून छोटी डुकरं तयार केली आणि ती पाळायला विकू असं जाहीर केलं. त्यांचं पूर्ण वाढीचं वजन किती सांगितलं होतं? सुमारे 15 किलो, म्हणजे 33 पौंड. जनुकांत हात घालून जे जमलं ते तेहतीस पौंडांवर थांबलं, आणि तुमचा ब्रीडर बारा पौंडांचं वचन देतोय. ‘टीकप’ नावाची जातच अस्तित्वात नाही, ताई. 1985 च्या सुमारास कीथ कॉनेल नावाच्या गृहस्थांनी ही व्हिएतनामी पॉटबेली डुकरं कॅनडात आणली ती प्राणिसंग्रहालयांसाठी. तिथून ती अमेरिकेत घराघरांत पोचली. शेतातल्या सहाशे-सातशे पौंडी डुकरापुढे ती ‘मिनी’ म्हणवली जातात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. चांगलं खाऊ घातलेलं पॉटबेली शंभर-दीडशे पौंडांचं सहज होतं.

मग बारा-पंधरा पौंडांची डुकरं दिसतात ती कशी? ते मी माझ्या दारात पाहिलं आहे.

शेंगी 2019 च्या मार्चमध्ये आमच्याकडे आली. आधीच्या घरी तिचं नाव पीनट होतं, आमच्या तोंडी त्याची शेंगी झाली. दीड वर्षाची होती आणि भरली 31 पौंड. डोकं मोठं, धड आखूड, कण्याचा एकेक मणका हाताला लागायचा. पाठीवरचे राठ केस झडून खालची कातडी कोंड्यासारखी सुटत होती. सोबत ब्रीडरचा छापील कागद आला होता: दिवसाला अर्धा कप खाणं, तेही दोनदा विभागून, ‘नाहीतर वाढेल’. त्या माणसांनी कागदावरचं इमानेइतबारे पाळलं होतं, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. पहिल्या रात्री मी वाटी खाली ठेवली. शेंगीनं ती संपवली, उलटी केली, खालची फरशी चाटली, आणि मग माझ्या चपलेचा तळ चाटत बसली. आज ती 118 पौंडांची आहे, आणि डॉक्टर म्हणतात वजन अगदी बरोबर आहे.

पण समजा, वजनाचा प्रश्न नाहीच. तरीही माझं उत्तर तेच राहील, कारण मुख्य अडचण डुकराच्या डोक्यात आहे, आकारात नाही.

तुम्ही मालकिणीचा जीव वाचवणाऱ्या लुलू या पाळीव डुकरिणीचं उदाहरण दिलंत. 1998 ची ती घटना आमच्या पेनसिल्व्हेनियातलीच. मालकिणीला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा लुलू कुत्र्याच्या छोट्या दारातून अंग घासत, पोट खरचटून घेत बाहेर पडली आणि गाडी थांबेपर्यंत रस्त्यात आडवी पडून राहिली. खरी गोष्ट आहे. पण त्या बातम्यांत लुलूचं वजनही छापून आलं होतं: दीडशे पौंड. आणि जे डोकं मदत आणायचं सुचवतं, तेच डोकं फ्रीज उघडायचंही सुचवतं. शेंगीला ते चौथ्या दिवशी जमलं. लहान मुलांनी दारं उघडू नयेत म्हणून मिळतात ती कुलुपं फ्रीजला लावली, तर तिसऱ्या आठवड्यात तिनं नाकानं खालचा रबरी कड वर करून दार ओढलं.

नाकानं उकरणं ही तिची खोड नाही, भूक आहे. कुत्र्याला चालायला नेलं की त्याचा जीव शांत होतो, डुकराला जमीन उलथी केल्याशिवाय होत नाही. शरदात आमच्या ओकच्या झाडाखाली एकॉर्न, म्हणजे त्याची कडक सालीची फळं, पडतात. पालापाचोळ्यात नाक खुपसून ती तास-दीड तास हळूहळू पुढे सरकत राहते, श्वासाची वाफ निघते, मधूनच कडकड आवाज येतो. तो तास मिळाला नाही तर ती घरात येऊन गालिचा उलथून टाकते. तुमच्या टाउनहाउसला मागे काँक्रीटचा चौथरा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे तुमचं डुक्कर काय उकरेल?

आणि लेकीचं. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते आहे. डुकरं कळपात पायरी ठरवून राहतात, आणि घर हाच त्यांचा कळप होतो. डुक्कर दोन-तीन वर्षांचं झालं की ते घरातल्या सगळ्यात लहान व्यक्तीला आजमावतं. मान तिरकी करून, कडेनं मुसंडी मारतं, कधी चावतं. शेंगीनं माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला पोटरीला निळं-काळं केलं होतं. त्याला उभं राहून, खांद्यानं तिला मागे सारत जागा घ्यायला शिकवलं तेव्हा थांबली. नऊ वर्षांची मुलगी हे कसं करणार? तिला मांडीवर येऊन झोपणारं पिल्लू हवंय. डुक्कर हे शिकार होणारं जनावर, त्याला उचललं की मरण आल्यासारखं किंचाळतं. पहिल्यांदा शेंगीला उचललं तेव्हा शेजारचे धावत आले होते.

आता दुटप्पीपणाचं. शेंगी आम्ही विकत आणली नाही, तिला जायला जागा नव्हती म्हणून घेतली. आमच्याकडे दीड एकर आहे. तिचं गर्भाशय-अंडाशय काढायला तीन गावांत डॉक्टर शोधला, कारण न काढलेल्या मादीला दर 21 दिवसांनी माज येतो आणि पुढे गाठी होण्याची भीती असते. इथल्या कायद्याच्या नजरेत ती अजूनही खाण्याचं जनावर आहे, म्हणून काही औषधं तिला देताच येत नाहीत. दर काही महिन्यांनी खूर कापायचे. त्यासाठी मी जमिनीवर बसून तिचं पोट चोळते, पाच मिनिटांत ती धप्पकन कुशीवर पडते, डोळे मिटते, आणि नवरा कात्री चालवतो. घाई केली तर तो दिवस वाया.

आणि ती आल्यापासून आम्ही दोघं एकत्र पुण्याला गेलो नाही. गेल्या वर्षी बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी एकटी गेले. सगळ्यांनी जावयाची चौकशी केली. ही जनावरं पंधरा-अठरा वर्षं जगतात. हे सगळं मला कुणी आधी सांगितलं असतं, तरी मी शेंगीला घेतलं असतं. पण सांगायला हवं होतं, म्हणून मी लिहिते. तिच्यावर माझा फार जीव आहे, आणि तिच्यासारखी दुसरी अर्धा कपावर वाढवली जाऊ नये एवढंच मला हवंय.

तुम्ही आता एवढं करा. तुमच्या सोसायटीचे नियम काढून ‘पशुधन’ या शब्दाखाली काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी डुक्कर त्यातच येतं. ब्रीडरला आईबापांची जन्मतारीख लेखी मागा, आणि रोज किती खाऊ घालायला सांगतो तेही लेखी. टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम परत मागा.

आणि लेकीला घेऊन एका शनिवारी आमच्याकडे या. तुमच्याकडून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, पत्ता इमेलवर पाठवते. सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर ऊन चढलं की शेंगी तिच्या पाण्याच्या टबातून उठत नाही. जुने बूट घाला. खिशात केळं ठेवू नका. तिचं पोट कसं चोळायचं ते मी लेकीला शिकवेन.