रिमोट आहे, जहाज नाही

आमच्या घरात जहाजाचा रिमोट आहे. जहाज नाही. येत्या गणेशचवथीला या गोष्टीला तीन वर्षं होतील.

दोष पुण्याच्या भाच्याचा. "मामा, आधी रेडिओ घ्या," तो म्हणाला. "सुकाणू फिरवायला सर्व्हो घ्या, मोटर पुढे-मागे करायला स्पीड कंट्रोलर घ्या. हे सामान कुठल्याही बोटीत चालतं. बोट काय, नंतर ठरवता येते." मी घेतलं. दोन दांड्यांचा तो काळा रिमोट घरात आला त्या दिवशी नातीने तो टीव्हीवर रोखून पाहिला, मग पंख्यावर, मग माझ्यावर. कोणीच हललं नाही. तेव्हापासून दर साफसफाईला बायको तो कपाटातून काढते आणि विचारते, "हा कशाचा हो?"

"जहाजाचा."

"आणि जहाज?"

"ठरतंय."

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. राहतो गोव्यात डिचोली तालुक्यात, मांडवी नदीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून नदीतून लोहखनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या बार्जी जाताना पाहिल्या, पण त्यांच्याकडे जहाज म्हणून कधी बघितलं नाही. अंगणातल्या तुळशीकडे कोण झाड म्हणून बघतं? जहाज म्हणजे चार धुराडी, हजारभर खिडक्या. जहाज म्हणजे टायटॅनिक.

प्रमाण हा शब्द मी छत्तीस वर्षं शिकवला. एक सेंटिमीटर बरोबर पाचशे मीटर, मुलांनो, लिहून घ्या. त्यामुळे एकास शंभर या प्रमाणात टायटॅनिक बांधायची म्हणजे काय, हे मी जेवता जेवता सांगून टाकलं. खरी बोट 269 मीटर, आपली दोन मीटर 69 सेंटिमीटर. बायकोने बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि सोफा कुठे ठेवायचा एवढंच विचारलं. मी खालच्या आवाजात एकास दोनशेवर आलो असतो, पण तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, वजन काढलंत का?"

इथे माझ्या छत्तीस वर्षांची अब्रू गेली. नकाशाला खोली नसते हो! बोटीला असते. लांबी शंभराने कमी, रुंदी शंभराने कमी, उंचीही शंभराने कमी, म्हणजे वजन दहा लाखांनी कमी. टायटॅनिक जेवढं पाणी बाजूला सारायची ते बावन्न हजार टनांचं, म्हणजे तिचं वजनही तेवढंच. दहा लाखांनी भागा: बावन्न किलो. सिमेंटच्या एका गोणीहून जड. आणि हलकी बांधून सुटका नाही. तेवढं वजन भरलंच पाहिजे, नाहीतर बोट तळाचा लाल रंग दाखवत बदकासारखी पाण्यावर बसते. लोक म्हणे आतून शिसं भरतात. म्हणजे आधी चार महिने बोट हलकी करायची आणि मग शिसं भरायचं.

हा घनाचा हिशेब मी बायकोला कागदावर समजावत होतो, तर ती नारळ खवता खवता म्हणाली, "त्यात काय एवढं? मोदक दुप्पट मोठा केला की चून, आतलं सारण, आठपट लागते." मी कागद घडी करून खिशात ठेवला.

बाकी, एकास दोनशेला तीच टायटॅनिक साडेसहा किलोची आणि एक मीटर 34 सेंटिमीटरची होते. स्कूटरवर मागे कोणीतरी धरून बसलं तर जाईल. पण तिच्या खिडक्या मोहरीएवढ्या, आणि माझा चष्मा जाड. मग 'विक्रांत'चा विचार केला. जुनी विक्रांत, 1961 ला गोव्याच्या मोहिमेत समुद्रात उभी असलेली. 213 मीटर लांब, म्हणजे दोनशेव्या भागाला मीटरभर. वर सपाट डेक, खिडक्या कमी. खूश झालो. मग डेकवरची विमानं मोजली. बारा मीटरचं विमान सहा सेंटिमीटरचं. त्याची चाकं मसुराएवढी. एक चाक पडलं तर मुंगी घेऊन जाईल.

मेव्हणा म्हणाला, "भावजी, गोव्यातलीच बोट करा ना. आफोंसो द आल्बुकेर्क!" ही पोर्तुगीजांची लढाऊ बोट, शंभरेक मीटरची. 18 डिसेंबर 1961 ला आपल्या 'बेटवा' आणि 'बियास'शी गोळागोळी झाली आणि ती जाऊन बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर बसली. मापाने उत्तम: एकास शंभरला हातभर रुंद नाही, वजन दोन-अडीच किलो. मी आराखडे शोधू लागलो. ही बातमी काकांच्या कानावर गेली. काका गोवामुक्तीच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेले, आता नव्वदीला टेकलेले. बलकावावरून, दारातल्या बाकावरून, उठलेच नाहीत, नुसतं म्हणाले, "पाखल्याची बोट? ह्या घरात?" पाखलो म्हणजे पोर्तुगीज. तेवढ्यावर आराखडे मिटले. मेव्हण्याने चेहरा पडू दिला नाही. "मग रिव्हर प्रिन्सेस करा," तो म्हणाला. "2000 च्या जूनमध्ये कांदोळीला वाळूत रुतली, 2012 पर्यंत तिथेच. मोटर नको, रेडिओ नको. नुसती वाळू आणा." या माणसाला आम्ही दर चवथीला जेवायला बोलावतो.

पाणबुडीचा प्रश्न भाच्यानेच सोडवला. आजकालचे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्या लहरी पाण्यात शिरल्या की जवळजवळ लगेच विरतात. बुडाली की बुडालीच. तिला जुन्या पद्धतीचा, खालच्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओ लागतो. माझा रिमोट तर आधीच कपाटात येऊन बसलेला.

शिडाच्या बोटीवर मात्र माझा जीव खरंच जडला होता. 'म्हादेई'! दिवाडी बेटावर बांधलेली, छप्पन्न फुटांची, आमच्याच मांडवीचं दुसरं नाव लावणारी. तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या. वीसाव्या भागाला पाऊण-एक मीटर, वजन तीनेक किलो, काय हवं आणखी? पण इथे निसर्ग आडवा येतो. बोट तुम्ही लहान कराल, वारा कोण लहान करणार? मांडवीवरचा तोच वारा त्या वीतभर शिडाला लागतो आणि बोट आडवी होते. म्हणून खाली खऱ्यापेक्षा खोल, जड पठाण लावावं लागतं, शिडं ओढायला वेगळं विंच लागतं. पहिल्याच बोटीला हे झेपायचं नाही. पठाण म्हणजे बोटीचा कणा, हे बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "तुमचा आधी सरळ करा. तीन वर्षं खुर्चीत वाकून बसलाय."

ज्याला विचारावं तो शेवटी एकच सांगायचा: पहिली बोट टग करा. मोठी जहाजं ओढणारी, बंदरातली टगबोट. आखूड, रुंद, पोटात हात घालून काम करता येईल एवढी जागा, कशावर आपटली तरी कडेला टायर बांधलेलेच असतात. सल्ला शंभर टक्के खरा होता आणि म्हणूनच मला आवडला नाही. सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं की मास्तरांना संशय येतो. शिवाय मी हा शब्द घरात उच्चारला तेव्हा बायको म्हणाली, "टग? छत्तीस वर्षं टग्यांनाच सांभाळलंत, आता तरी दुसरं काही बघा."

आमच्या वाड्यावर दोन मास्तर आहेत. शाळेचा मी. दुसरा बार्जीवरचा मास्टर, म्हणजे कप्तान, पण लोकांच्या तोंडी तोही मास्तरच. पोस्टमनदेखील फाटकात उभा राहून विचारतो, "खंयचो मास्तर? शाळेचो काय बार्जीचो?" त्याने तीस वर्षं मांडवीतून मुरगाव बंदरापर्यंत खनिज नेलं, पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत. मग 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या, 2018 ला कोर्टाच्या निकालाने परत बंद. त्याची बार्ज दोन-तीन पावसाळे काठाला बांधून राहिली आणि मग भंगारात गेली. तो त्याबद्दल बोलत नाही. संध्याकाळी पाव घ्यायला जातो आणि येताना नदीवर थोडा उभा राहतो, एवढंच.

तो एकदा बलकावावर येऊन बसला तेव्हा मी त्याला माझ्या वहीतल्या सतरा बोटी दाखवल्या. त्याने पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबला, तिथे काहीच नव्हतं. "मास्तर," तो म्हणाला, "बार्ज कित्याक ना?"

खरंच, का नाही? मी बघू लागलो आणि मला माझाच राग आला. पासष्ट मीटर लांब, तेरा मीटर रुंद, तळ सपाट, बाजू सरळ, पुढे थोडी निमुळती, बाकी सारा खोका. मागे केबिन, तेवढ्याच खिडक्या. मध्ये उघडा, भलामोठा हौद, म्हणजे बॅटरी, मोटर, सर्व्हो सगळं वरून हाताला लागतं, झाकण खोलायची भानगड नाही. टगचे सगळे गुण, आणि बार्ज कोणीच सुचवलेली नाही! एकास पन्नासला एक मीटर तीस सेंटिमीटर. वेगही मास्टरने सांगितला: भरतीला आठ नॉट, म्हणजे तासाला पंधराएक किलोमीटर. मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायचा असतो, म्हणजे पन्नासाला सातने. सेकंदाला जेमतेम दोन फूट. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, हे तर रांगणारं मूल झालं." मास्टर म्हणाला, बार्ज अशीच चालते, घाई असलेल्याने बस पकडावी.

फक्त वजन. दोन हजार टन माल, वर बार्जीचं स्वतःचं पाचशे-सहाशे. पन्नासाचा घन सव्वा लाख. भागाकार केला: वीस किलोच्या वर. पुन्हा तीच सिमेंटची गोणी, अर्धी. मी पेन्सिल ठेवली. बायको आतून म्हणाली, "भरलेली कशाला? रिकामीच करा. शेवटी शेवटी भरायला माल कुठे होता?"

मी आणि मास्टर, दोघेही गप्प. मग तो आधी हसला. रिकामी बार्ज पाच किलोच्या आतबाहेर. तीन वर्षांत सुटलं नाही ते बायकोकडून कोकमाची सोलं टाकता टाकता सुटलं.

दुसऱ्या दिवशी मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, प्लाय कापून आणला आणि मापाचा एक नुसता खोका ठोकला, सांध्यांना डांबर. जहाज नव्हे, जहाजाचा अंदाज. तो तरंगवायचा कुठे? देवळाच्या तळीचं विचारलं तर भटजी म्हणाले, "देवाची सांगोड, म्हणजे नावेतली फेरीसुद्धा वर्षातून एकदाच असते." मयेच्या तलावावर पॅडलबोटीतल्या पर्यटकांसमोर रिकामा खोका सोडायला जीव होईना. शेवटी कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, सिंचनाची टाकी.

खोका तरंगला, पण फार. दीड सेंटिमीटर पाण्यात, बाकी सारा वर. बोट ढकलणारा पंखा साडेतीन सेंटिमीटरचा. तो अर्ध्याहून जास्त हवाच कापणार. "रिती बार्ज फाटल्यान बसता," मास्टर म्हणाला आणि मागच्या बाजूला तळहात दाबून दाखवला. रिकाम्या बार्जीचा मागचा भाग पाण्यात, पुढचा वर, अशीच ती परत यायची, तो म्हणाला. इंजिन मागे असतं ना.

म्हणजे मागे वजन हवं. शिसं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून उकड्या तांदळाची पिशवी आणली, किलो-किलोच्या पुड्या बांधल्या आणि खोक्याच्या मागच्या टोकाला एकेक ठेवू लागलो. सगळीकडे सारखी ठेवली तर एका पुडीला खोका तीन मिलिमीटर खाली जातो; टोकाला ठेवली की टोक जास्त बुडतं. मास्टर पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खुणा करत होता. तिसऱ्या पुडीला त्याने मान हलवली, चौथीला बोट वर केलं. थांब. पंखा पुरता पाण्याखाली, नाक वर. बघतो तर खरंच बार्ज, खनिज उतरवून मुरगावहून परत निघालेली. त्याने तिला एका बोटाने ढकललं आणि ती टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दोघेही काही बोललो नाही.

साडेबारा झाले. बायको पातेलं घेऊन कुळागरात आली, टाकीपाशी वाकली आणि दोन पुड्या उचलून चालू लागली. मागचं टोक अंगठाभर वर आलं. मास्टरने पेन्सिल कानावर ठेवली. "माल देंवयलो," माल उतरवला, असं म्हणून तो जेवायला घरी गेला.