कळसूबाईच्या ट्रेकच्या आदल्या रात्री दर वेळी हेच!

दादरला वेळेत भेटायचं ठरलेलं असतं. इंडिकेटरवर शेवटची कसारा लोकल लागते आणि ग्रुपवर मेसेज पडतो, 'निघालोच, पाच मिनिटं.' फोन लावावा तर मागे घरातल्या टीव्हीचा आवाज! दुसरा ऐनवेळी टांग देतो. अरे, कसाऱ्याहून पायथ्याच्या बारी गावापर्यंतची जीप माणशी नाही, अख्खी ठरवलेली असते; तुझा भुर्दंड बाकीच्यांनी का भरायचा? तिसरा स्टेशनबाहेर टॉर्चचे सेल शोधत हिंडतोय. १६४६ मीटरचं शिखर आहे ते! लोकल चुकली की सगळंच लांबतं, लोखंडी शिड्यांखाली रांग लागते, ऊन डोक्यावर येतं आणि पहिल्यांदाच आलेल्या पोरांचे हाल होतात. यायचं नसेल तर निदान दुपारीच सांगा ना, राव!